क्रूसासाठी कापलेल्या तुळया

फादर माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते नव्या चर्चचा नकाशा मागायला. जव्हारच्या बाजारपेठेत वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीला मी ऑफिस म्हणते. नाशिकला आर्किटेक्चर शिकले, काही वर्षं ठाण्यात नोकरी केली आणि मग परत आले. घरं, दुकानांचे गाळे, शाळेच्या वर्गखोल्या, आश्रमशाळेचं स्वयंपाकघर, असली कामं मी करते आणि ती चांगली करते. चर्च मात्र कधी केलं नव्हतं. खरं तर तोवर मी कुठल्या चर्चच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं.

फादर तरुण होते, वसईकडचे. इकडे बदलून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. पावसाळा नुकताच सरला होता आणि त्यांच्या चपलांना अजून लाल चिखल होता. त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत काळ्या दगडाची एक भिंत होती आणि ती पोट काढून उभी होती.

"वेदीकडचा भाग आहे हा. यंदाच्या पावसात फुगवटा आणखी वाढला. गावातले सगळे म्हणतात, पाडून स्लॅबचं बांधू. तुम्ही नकाशा करून द्या, मग मी वर परवानगी मागतो."

"आधी बघते," मी म्हणाले. "न बघता मी कंपाउंडची भिंतसुद्धा पाडायला सांगत नाही."

ते हसले. त्यांना बहुधा हेच ऐकायचं होतं, पण हे मला पुढे कळलं.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देवळाचं काम आलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "भिंतीला काय ठाऊक आत कोण बसलंय?" दुसऱ्या दिवशी डब्यात मात्र तिने एक पोळी जास्त घातली, फादरांसाठी.

गाव खोडाळ्याच्या पुढे, डांबर संपल्यावरही बरंच आत आहे. भाताची कापणी चालू होती, उतारावर नागली पिवळी पडत आली होती. चर्च कुठे आहे ते विचारावं लागलं, कारण मी मनोरा शोधत होते आणि मनोरा नव्हताच. एक लांबट, बुटकी, कौलारू इमारत. वर लहानसा लोखंडी क्रूस नसता तर मी पुढे निघून गेले असते.

पण जवळ गेले आणि मला ती आवडली. लपवण्यात काही अर्थ नाही, मला ती पहिल्या नजरेतच आवडली. पश्चिमेला छप्पर इतकं खाली आणलं होतं की मला वाकावं लागलं, आणि त्या बाजूच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. इथला पाऊस पश्चिमेकडूनच आडवा मारतो. पूर्वेला मात्र इमारतीच्या पूर्ण लांबीची पडवी होती, तिच्या कडेला बसायला दगडी ओटा आणि आत उघडणारी दारं, एक नव्हे, चार. प्रार्थनेला आलेली माणसं आत मावली नाहीत तर पडवीत बसतात आणि तरी आतच असतात. हे ज्यांनी बांधलं त्यांनी परदेशातल्या चर्चचं चित्र समोर ठेवलं नव्हतं. इथला पाऊस आणि इथल्या माणसाची बसायची सवय, दोन्ही त्यांना माहीत होत्या.

आत गारवा होता. बाकं नव्हती, सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या. दोन गोष्टी मला विचित्र वाटल्या. एक म्हणजे जमिनीवर, अगदी मधोमध, एका रांगेत गोल डाग होते. खड्डे बुजवून त्यावर कोबा केल्यावर रंग वेगळा दिसतो, तसे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे समोरचा क्रूस. काळ्याभोर लाकडाचा, जवळजवळ आढ्यापर्यंत पोचलेला. एवढ्याशा घरात एवढा क्रूस, जणू दुसऱ्या कुठल्या मोठ्या इमारतीतून चालत इथे आलेला.

माझ्यामागे एक माणूस येऊन उभा राहिला. तिशीचा, जीन्स, पायात सेफ्टी शूज. फादरांनी ओळख करून दिली. तो याच गावचा, विरारला स्लॅबच्या सेंटरिंगचं काम करणारा, कापणीपुरता घरी आलेला. स्लॅबचा आग्रह धरणाऱ्यांत तो पहिला होता.

"मॅडम, बघून काय करणार? भिंत गेली ना. दगडात सळई नाही, काही नाही. तोडो और नया बांधो."

"भिंत कुठून कुठपर्यंत गेली ते बघू," मी म्हणाले आणि ओळंबा, म्हणजे वजन लावलेली दोरी, काढला.

तोही आला बरोबर. त्याला काम येत होतं. मी सांगायच्या आत त्याने शिडी लावली, दोरी धरली. वेदीच्या विरुद्ध टोकापासून आम्ही सुरुवात केली. तिथे भिंत सरळ. थोडं पुढे गेलो, तिथेही सरळ. अर्ध्याच्या पुढे ती झुकू लागली आणि वेदीजवळ तर ओळंब्याची दोरी भिंतीपासून वीतभर लांब लोंबू लागली.

"पाया खचला असेल," तो म्हणाला.

"पाया खचला असता तर भिंत खालपासून तिरकी झाली असती. ही खाली सरळ आहे, फक्त वरून ढकलली गेलीय. कुणीतरी हिला आतून ढकलतंय."

मी आत जाऊन वर पाहिलं. छप्पर सागाच्या कैच्यांवर उभं होतं. कैची म्हणजे लाकडाचा त्रिकोण. दोन तिरपी लाकडं छप्पर धरतात आणि खालची आडवी तुळई त्यांचे पाय एकमेकांना बांधून ठेवते. विरुद्ध टोकाकडच्या सगळ्या कैच्यांना ती तुळई होती. वेदीजवळच्या दोन कैच्यांना नव्हती. दोन्ही बाजूंना भिंतीलगत तिचे कापलेले तुकडे तेवढे उरले होते, करवतीच्या खुणा अजून ओळखू येणारे.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. फादर घाबरून पुढे आले. "काय झालं?"

"रोग सापडला. आता ह्या तुळया कुणी आणि का कापल्या ते सांगा."

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सेंटरिंगवाला म्हणाला, "आमच्या डोकरीला विचारा. तिला सगळं माहीत."

डोकरी म्हणजे त्याची आजी. तिचा नवरा इथला पहिला धर्मशिक्षक होता. तेव्हाचे फादर महिन्यातून एखाद्या वेळी चालत येत, एरवी प्रार्थना तोच घ्यायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हातारी अंगणात नागली पाखडत बसली होती. घरात तिची बोली वेगळी. माझ्याशी ती सावकाश, शोधून शोधून मराठी बोलली.

"आजी, चर्चच्या तुळया कापल्या कुणी?"

तिने सूप खाली ठेवलं. "मी."

नातू दचकला. "तू?"

"करवत मी नाय चालवली. पण कापा म्हणून मी सांगितलं. बस बाय, सांगते."

मग तिने जे सांगितलं त्यातून माझ्या दोन्ही कोड्यांची उत्तरं मिळाली. आधी तिथे कुडाचं चर्च होतं. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवत, आणि गावातल्या घरांना असतात तसे मधोमध आढं पेलणारे खांब. ते कुजायला लागलं तेव्हा दगडाचं बांधायचं ठरलं. पण बांधून होईपर्यंत प्रार्थना करायची कुठे? तिच्या नवऱ्याने सांगितलं, आहे त्याच्या भोवतीनेच बांधा.

"बाहेर दगड चढत होता, आत आमी गात होतो," म्हातारी म्हणाली. "मी तेव्हा नवी नवरी. ओढ्यातून दगड आणायचो बाया. दगडाची भिंत पुरी झाली, वर कौलं बसली, मग आतलं जुनं घर काढलं. कूड सोडवला, खांब उपटले, आणि सगळं दारातून बाहेर नेलं. मोठ्या घराच्या पोटातून लहान घर काढलं."

जमिनीवरचे गोल डाग त्या खांबांचे होते. चर्च एवढं अरुंद का, याचंही उत्तर तेच. जुन्या झोपडीला घाईने कवेत घेतलं होतं त्यांनी.

"आणि तुळया?"

"क्रूस आला ना. वसईकडच्या एका मोठ्या चर्चचं नवीन काम निघालं, त्यांनी त्यांचा जुना क्रूस आमाला दिला. ट्रक खोडाळ्यापर्यंत. पुढे माणसांनी खांद्यावर आणला. सगळा गाव वाटेवर. आत नेला, उभा करायला गेले तर माथा तुळईला अडला. तिरका केला, तरी अडला. मिस्त्री म्हणाला, क्रूस खालून कापतो. माझा नवरा गप्प. फादर पण गप्प. मी म्हटलं, खांद्यावर आणलेला क्रूस कापायचा? लाकूड कापा वरचं. मग त्यांनी एक कापली, क्रूस उभा राहिला. पण मागून बघितलं तर दुसरी तुळई तोंडावर येत होती. ती पण कापली."

"मिस्त्री काही बोलला नाही? घर कमजोर होईल वगैरे?"

"बोलला ना. पण त्याचं कोण ऐकतो त्या दिवशी? सगळे रडत होते."

"आणि कापलेलं लाकूड?"

"चुलीत." ती खुदकन हसली. "एवढ्या माणसांचा भात शिजवायचा होता."

सागाच्या तुळया चुलीत! मला हळहळ वाटली आणि हसूही आलं. पण तिच्यावर राग धरणं शक्यच नव्हतं. मी तिथे असते आणि माझ्या खांद्यालाही तो क्रूस आणताना वळ उठला असता, तर मीही हेच म्हटलं असतं की काय, कोण जाणे.

त्या रविवारी फादरांनी मला मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, झाल्यावर बोलायला बोलावलं. मी थोडी लवकरच पोचले आणि पडवीत बसले. आत मराठीतून प्रार्थना चालली होती, मध्येच एखादं गाणं त्यांच्या बोलीत. ते संपल्यावर माणसं बाहेर आली, कुणी ओट्यावर बसलं, कुणी अंगणात.

मी कागद उघडलाच नाही. सेंटरिंगवाल्याला आणि त्याच्याच अंगलोटाच्या आणखी एकाला पुढे बोलावलं. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनिशी समोरासमोर उभं केलं, पाय लांब, हात वर करून तळवे एकमेकांना टेकवायला लावले.

"आता एकमेकांवर भार द्या."

त्यांनी भार दिला. क्षणभर टिकले आणि मग पाय घसरत मागे मागे गेले. दोघंही पडता पडता वाचले. पोरीबाळी खिदळल्या.

"हे तुमचं छप्पर," मी म्हणाले. "पाय घसरतात तिथे भिंत आहे. तुमचे पाय भिंतीला बाहेर ढकलतात. आता करायचं काय?"

सेंटरिंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडलेला मला दिसला. "पाय बांधायचे," तो म्हणाला. कुणीतरी टॉवेल दिला, त्याने स्वतःच तो दोघांच्या घोट्यांना बांधला आणि पुन्हा तळवे टेकवले. या वेळी ते उभे राहिले. त्याने जोडीदाराला आणखी जोर लावायला सांगितलं. तरी उभे.

"टॉवेलच्या जागी लोखंडी दांडे येतील," मी म्हणाले. "बोटभर जाडीचे. क्रूस आहे तिथे राहील, दांडा त्याच्यासमोर फारसा दिसणारही नाही. फुगलेली भिंत तेवढी उतरवून त्याच दगडांनी परत बांधू. बाकी चर्चला काहीही झालेलं नाही. तुमच्या नातवंडांची लग्नं इथे होतील."

मला वाटलं, झालं. पण तो पायाचा टॉवेल सोडत म्हणाला, "मॅडम, भिंतीचं पटलं. सही बात आहे. पण भिंतीचाच प्रश्न नाही. मी विरारला काम करतो. वसईची चर्चं बघतो. पांढरी, उंच, दोन-दोन मनोरे. तिथले पोरं विचारतात, तुझ्या गावचं कसंय? फोटो दाखवला तर एक म्हणाला, हा तर तबेला आहे. आमी काय कायम तबेल्यातच प्रार्थना करायची?"

फादर खाली बघत होते. ते स्वतः त्या पांढऱ्या चर्चच्या सावलीत वाढलेले.

मी विचार केला आणि म्हणाले, "जो तबेला म्हणाला त्याला इथला पाऊस माहीत नाही. पण तुझं म्हणणंही खोटं नाही. उंच काहीतरी हवं, लांबून दिसायला हवं, हे मागणं चुकीचं नाही. मनोरा मी देते. पण या भिंतींवर नाही, त्या पेलणार नाहीत. बाजूला, स्वतःच्या पायावर उभा, याच काळ्या दगडाचा. आणि तो तू बांधायचा."

"मी?"

"शिडी कशी लावलीस ते पाहिलंय मी."

त्याने मान डोलावली. नंतर फादर मला गाडीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मला हेच जुनं चर्च ठेवायचं होतं. पण बाहेरून आलेल्या माणसाने ते सांगायचं कसं, हे कळत नव्हतं."

"म्हणून मला पाठवलंत होय पुढे?"

"तुम्हीही गावाबाहेरच्याच, जव्हारच्या. पण तुम्ही लोकांना ऐकायला लावता."

उन्हाळ्यात काम झालं. कौलं उतरवली, कैच्यांना लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले, भिंतीच्या बाहेरून लोखंडी पट्ट्या लावून दांडे आरपार घातले. मधल्या जोडावर एक आटा असतो, तो फिरवला की दांडा ताणला जातो. तो फिरवायच्या दिवशी अर्धं गाव जमलं. मी सगळ्यांना बाहेर उभं केलं. आत मी, सुतार आणि सेंटरिंगवाला.

त्याने पाना लावून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. आधी काहीच नाही. मग दांडा ताठ झाला, बोटाने टिचकी मारली की वाजू लागला. मी म्हटलं, आणखी थोडं. तेवढ्यात वर कडाड् असा आवाज झाला, जुनी धूळ आमच्या डोक्यावर आली आणि सुतार दारातून बाहेर पडलासुद्धा. पण मी कैचीकडेच बघत होते आणि मला दिसलं की तिरप्या लाकडाचा पाय, जो बरीच वर्षं खाचेतून बाहेर सरकलेला होता, तो आपल्या जागी परत बसला होता. आवाज त्याचा होता.

"थांबू?" सेंटरिंगवाल्याने विचारलं.

"आता थांब. बसलं ते."

बाहेर आलो तर म्हातारी सगळ्यांच्या पुढे उभी. "मोडलं काय?"

"नाही आजी. जुळलं."

ती आत आली, मान मागे टाकून दांड्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग क्रूसाकडे. "घराला दावं बांधलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने नातवाच्या डोक्यावरची धूळ पदराने झटकली आणि घरी गेली.

भिंत पावसाआधी परत उभी राहिली. मनोऱ्याला पुढचा हिवाळा लागला. तो फार उंच नाही, पण खालच्या वळणावरून दिसतो. सेंटरिंगवाल्याने विरारचं काम सोडून महिनाभर त्यासाठी गावात मुक्काम केला. एक कोपरा त्याला पसंत पडला नाही, तो त्याने कुणी न सांगता उतरवून पुन्हा बांधला. नाताळात फादरांनी मला आणि आईला जेवायला बोलावलं. आई आली. पडवीत बसून तिने तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी खाल्ली आणि परतताना म्हणाली, "पडवी फार सोयीची आहे गं, आपल्या देवळाला का नाही केली कुणी?"

मनोऱ्यातली नवी घंटा वाजली तेव्हा म्हातारीने कानांवर हात ठेवले. मनोरा तिला अजून पटलेला नाही. "आमी हाक मारून बोलवायचो," ती ज्याला त्याला सांगते. दर पावसाळ्यानंतर मी तिथे जाऊन ओळंबा लावते. भिंत तसूभरही हललेली नाही. हे मी अभिमानाने सांगते, कारण ते माझं काम आहे.

मागच्या महिन्यात सेंटरिंगवाला ऑफिसात आला. त्याला स्वतःचं घर बांधायचं होतं. मी विचारलं, "कौलारू करायचं ना? पश्चिमेला छप्पर खाली आणू."

"नाही नाही, मॅडम," तो घाईने म्हणाला. "चर्च ठीक आहे. माझं घर मात्र स्लॅबचंच पाहिजे."

मी हसले आणि त्याला स्लॅबचं घर काढून दिलं. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी मात्र ठेवली नाही.